प्लगची जीभ

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात यंत्र आले ते फक्त घसाऱ्याच्या कोष्टकात. यंत्र कसे चालते याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हते. ते दरवर्षी किती टक्क्यांनी मरते एवढेच आम्ही लिहून ठेवायचो. तेव्हा मोटारीच्या इंजिनाविषयी मी काही लिहावे हे वरातीतल्या बँडवाल्याने संसारावर व्याख्यान देण्यासारखे आहे. पण वीस-बावीस वर्षे बँकेच्या खिडकीमागे बसले की एक खोड लागते. समोरचा माणूस काय सांगतो ते ऐकायचे आणि त्याचे पासबुक काय सांगते ते बघायचे. दोन्हींत फरक पडला तर पासबुकावर विश्वास ठेवायचा. इंजिनाचे पासबुक कोणते, तर प्लग. पेट्रोलच्या इंजिनाच्या पोटात काय चालले आहे त्याची रोजची नोंद त्याच्या टोकावर होत असते, आणि ती नोंद वाचणारी माणसे आमच्या नांदेड-लातूरकडे गल्लोगल्ली होती. आता कमी झाली आहेत, म्हणूनच हा खटाटोप.

आपल्या जुन्या वैद्यांनी रोग्याची अष्टविध परीक्षा सांगितली आहे. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती. 'योगरत्नाकर' हा ग्रंथ कोणत्याही गॅरेजात मी पाहिलेला नाही, पण एकूण एक मिस्त्री याच पोथीबरहुकूम चालतो. गाडी दारात आली की आधी तो नुसता ऐकतो. ही शब्दपरीक्षा. मग मागे जाऊन सायलेन्सरचा धूर बघतो. ती कोणती परीक्षा ते वाचकांनी समजून घ्यावे. बॉनेटवर तळहात ठेवतो, तो स्पर्श. गाडी कोणत्या बाजूला कलून उभी आहे, ती आकृती. एवढे झाले की प्लगपाना घेऊन तो इंजिनाला म्हणतो, "आ कर, जीभ दाखव."

ही जीभ बोटभर लांबीची असते. वर चिनी मातीचा पांढरा दांडा, खाली लोखंडी आटे, आणि टोकाला दोन काड्या, मधली सरळ आणि बाजूची वाकडी. दोघींमध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट. या फटीत दहा-वीस हजार व्होल्टची ठिणगी उडते आणि कोंडलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. चारचाकी मोटारीचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एकेक प्लग मिनिटाला दीड हजार वेळा ठिणगी टाकतो. आमच्या शाखेत एका मिनिटात एक शिक्का उमटतो, तोही शाई असली तर.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण जमले तर प्लगचे टोक फिकट तपकिरी होते. आमच्याकडचे मिस्त्री त्याला बिस्किटी म्हणतात. चहात अर्धवट बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटाचा रंग डोळ्यांसमोर आणावा. पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडली, म्हणजे चोक ओढलेला राहिला किंवा हवेची जाळी धुळीने गच्च झाली, की प्लगवर कोरडी काजळी धरते, चुलीमागच्या भिंतीसारखी. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की टोक पांढरेफटक पडते, कधी त्यावर बारीक फोडही येतात. आणि प्लग काळा, ओला, तेलकट निघाला, तर मिस्त्री आधी एक सुस्कारा सोडतो आणि मग खर्चाचा आकडा सांगतो. रिंगा गेल्या, तेल वर चढते आहे. ही बँकेच्या भाषेत थकीत बाकी. नुसते पॉलिश पेपरने घासून साफ होत नाही.

ही विद्या कुठून आली? इतिहास काढायचा म्हटला तर १८६० सालापर्यंत मागे जावे लागते. बेल्जियममध्ये जन्मलेल्या एत्येन लेन्वार नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये गॅसवर चालणारे इंजिन केले आणि ते विजेच्या ठिणगीने पेटवले. आजच्या प्लगचा खापरपणजोबा तिथला. पण ठिणगी वेळेवर पडेलच याची खात्री नसे. म्हणून पुढच्या लोकांनी वेगळ्या वाटा धरल्या. ओटोने १८७६ मध्ये आपले चार टप्प्यांचे इंजिन चालवले ते आत ज्योत सोडून. डाइमलरने लाल तापलेली नळी खुपसून काम भागवले. कार्ल बेंझने मात्र विजेचाच हट्ट धरला. १८८६ मध्ये त्याला आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट मिळाले आणि इंजिन पेटवायचे कसे ही त्याची आयुष्यभराची डोकेदुखी ठरली.

ही डोकेदुखी रस्त्यावर पहिल्यांदा कोणी निभावून नेली, तर त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत घालून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरएक किलोमीटरचा पल्ला. नांदेडहून निघून चाकूरपर्यंत यावे साधारण एवढा. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली, ठिणगीची तार उघडी पडली तिला मोज्याचा इलास्टिक पट्टा गुंडाळला, आणि इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रव्य विकत घेऊन गाडीत ओतले. जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारस्वारी माहेरच्या ओढीने झाली याचे मला नवल वाटत नाही. आमच्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी बसस्टँडवर उभे राहिले तर कोणालाच वाटणार नाही. आणि मोटारीचा पहिला रस्त्यावरचा मिस्त्री बाई होती, हे आजच्या गॅरेजवाल्यांना सांगून बघा. मी एकदा सांगितले. "नवरा कामाचा नसेल," असे उत्तर आले.

खरा प्लग म्हणावा असा निघाला १९०२ मध्ये. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड नावाच्या इंजिनियरने उच्च दाबाचा मॅग्नेटो केला, आणि त्याची ठिणगी सोसेल असा प्लगही केला. तिकडे आल्बर्ट चॅम्पियन नावाचा फ्रेंच सायकलपटू होता. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत जिंकलेला. तो अमेरिकेत गेला आणि त्याने आपल्या नावाने प्लगचा धंदा काढला. पुढे भागीदारांशी बिनसले. नाव भागीदारांकडे राहिले आणि याच्याकडे राहिली नावाची आद्याक्षरे. म्हणून 'चॅम्पियन' हा एक प्लग झाला आणि 'एसी' हा दुसरा. भागीदारीचा करारनामा न वाचता सही करू नये हे आम्ही बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकतो. या गृहस्थाला ते आपले आडनाव देऊन शिकावे लागले.

सुरुवातीच्या प्लगांचे खरे दुखणे होते आवरणाचे. चिनी माती उष्णतेने तडकायची. म्हणून अभ्रकाच्या चकत्या एकावर एक रचून प्लग केले जात, विशेषतः विमानांसाठी आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी. आणि पातळ, निर्दोष अभ्रक यायचे ते बहुतांशी आपल्या हिंदुस्थानातून, आज झारखंडात असलेल्या कोडरमाच्या खाणींतून. म्हणजे आमचे आजोबा ज्या अभ्रकाचे भस्म मधातून चाटून खोकला बरा करत होते, तेच अभ्रक पहिल्या महायुद्धात विमानांच्या घशात बसून त्यांचा खोकला थांबवत होते. दोघांचाही पूर्ण थांबला नाही ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने शोधून काढले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थेंब-थेंब घातले की इंजिन ठोकत नाही. १९२३ पासून असे पेट्रोल विकायला आले. शिसे माणसांना किती बाधते हे जगाने मान्य करायला पुढची कित्येक वर्षे घेतली, पण प्लगला मात्र ते लगेच जाणवले. शिशाचे क्षार अभ्रकाला खाऊ लागले, आणि १९३० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची भाजलेली, आजची पांढरीशुभ्र माती आली. या पांढऱ्या मातीवर रंग उमटतात. फळा पुसून पांढरा केल्यावरच त्यावरचे काळे दिसणार. त्यात शर्यतीवाल्या लोकांनी एक युक्ती काढली. गाडी पूर्ण वेगात पळवायची, त्याच क्षणी इंजिन बंद करून क्लच दाबायचा, गाडी नुसती घरंगळत आणून उभी करायची आणि लगेच प्लग काढून बघायचा. म्हणजे जोरात पळताना इंजिन काय बोलत होते तेवढेच त्यावर उरते. उभे राहिल्यावरच्या गप्पा मिसळत नाहीत. आमच्या ऑडिटरला ही युक्ती माहीत असावी. तोही न सांगता येतो.

आता हे सगळे आमच्या मराठवाड्यात कसे पोहोचले? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाच्या घरी मोटारींची वाण नव्हती. सहाव्या निजामाने १९११ मध्ये रोल्स-रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट मागवली. आत चक्क सिंहासनासारखी बैठक. गाडी यायच्या आधी तो वारला आणि ती सातव्या निजामाच्या वाट्याला आली. हा निजाम काटकसरीबद्दल जगप्रसिद्ध. ती गाडी पुढच्या कित्येक दशकांत काही शे मैलच चालली. सिल्व्हर घोस्टला सहा सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन, असे बारा प्लग. एक संच मॅग्नेटोवर, दुसरा बॅटरीवर. एक रुसला तर दुसरा आहेच. बारा-बारा जिभा आणि बोलायला एवढे थोडे मिळालेले दुसरे इंजिन जगात नसावे.

प्रजेचा हिशोब वेगळा होता. नांदेडला १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मीटरगेज रेल्वे आली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइटची नॅरोगेज आली. एकीच्या रुळांवर दुसरी चढणार नाही, आणि दोन्ही गावांना सरळ जोडणारी तिसरी कोणी टाकली नाही. दोन्हीकडे आता ब्रॉडगेज आहे, तरी रेल्वेने नांदेडहून लातूरला जायचे तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घालून जावे लागते; तेवढ्या वेळात माणूस लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने जाऊन, जेवून, सासुरवाडीत रुसूनही बसतो. त्यामुळे नांदेड-लातूरमधला सगळा व्यवहार रस्त्यावर. लग्ने, बदल्या, मोंढ्यातला माल, शिकवणीची पोरे, सगळे चाकांवर. आणि चाके आली की वाटेत बंद पडणेही आले.

याच रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. तिथली खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गाढवेही येतात आणि भाव खाऊन जातात. तिथे घोड्याची पारख कशी करतात ते बघण्यासारखे असते. विकणारा घोड्याच्या सात पिढ्या सांगत असतो. घेणारा ऐकत नाही. तो घोड्याचा ओठ वर करून दात बघतो, झिजलेले किती, खळगे बुजलेत किती, आणि मनातल्या मनात वय मांडतो. माझा असा समज आहे की आमच्याकडे प्लग बघणारे मिस्त्री एवढे तयार झाले त्याचे कारण हेच. या मुलखात तोंड उघडून बघितल्याशिवाय कोणी काही विकतच घेत नव्हते. जनावर बदलले, तोंड तेच. याला पुरावा काय, असे कोणी विचारील. विचारो बापडे.

स्वातंत्र्यानंतर प्लगही देशी झाला. १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', निघाली. आमच्या पिढीपर्यंत प्लगला दुसरे नावच नव्हते. दुकानात 'मायकोचा द्या' म्हटले की झाले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण आमच्याकडे नाव बदलले म्हणून कोणी हाक बदलत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या मोटारी कुर्ल्याहून यायच्या, स्कूटरी आकुर्डीहून. १९८५ मध्ये तर आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना निघाला आणि मराठवाड्यातल्या घराघरात एखादा भाचा 'कंपनीत' लागला.

त्या काळात स्कूटर नंबर लावून मिळायची. नंबर लावला की काही वर्षे विसरून जायचे. स्कूटर घरी येईतो ज्याच्यासाठी नंबर लावला त्याचे लग्न होऊन पोरही शाळेत जात असे. एवढ्या तपश्चर्येने मिळालेल्या वाहनाबद्दल तक्रार करायची नसते; त्याची सेवा करायची असते. पेट्रोल घेतले की पंपावरच्या छोट्या हातपंपातून वर टू-टी ऑइल घालायचे, कारण दोन टप्प्यांच्या इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच जाळावे लागते. मग अधूनमधून प्लगच्या दोन काड्यांमध्ये कोळशाचा एक कण अडकायचा आणि स्कूटर भर रस्त्यात मौन धरायची. यालाच 'कचरा आला' म्हणत. डिकीत प्लगपाना, एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा नसेल तर तो स्कूटरवाला नव्हेच. माझे वडील शिक्षक होते. स्कूटर बंद पडली की ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसत, प्लग काढून उन्हाकडे धरत, आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसे त्याच्याकडे बघत. मी मागे उभा. "काळा आहे, पण कोरडा आहे. पास होईल," असे म्हणून ते प्लग घासायला घेत. मग प्लग वायरला लावून, त्याचे अंग इंजिनाला टेकवून मी किक मारायची. निळी ठिणगी आली की घरी. पिवळी, मरतुकडी आली की चालत घरी. शिकवणीला न जाता मी जे काही विज्ञान शिकलो ते एवढेच.

या विद्येचे खरे पीठ मात्र नांदेडला आमच्या शाखेपासून दोन गल्ल्या सोडून आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात. दुकानावर पाटी नाही. होती, तिच्यावर आता चहावाल्याचा टेबल आहे. चाचांचे शिक्षण उर्दू चौथी, पण ते इंजिनाबद्दल बोलू लागले की मला आमच्या कॉलेजातल्या हिशोबतपासणीच्या सरांची आठवण होते. एकदा चार सिलिंडरची जीप आली. चाचांनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. चौघेही काळे. "साब," मला म्हणाले, "चारों का मुँह काला, तो चोर घर का नै, बाहर का. जाली देखो, कार्बोरेटर देखो. लेकिन तीन साफ और एकइच काला, तो उसी कमरे में जाके ढूँडना." मी हे लगेच मनात मांडून ठेवले. संयुक्त खात्यात तूट असेल तर सगळ्यांनी मिळून खाल्ले. एकाच खात्यात असेल तर त्याच माणसाला बोलवा. हे सूत्र मी बँकेतही लावतो, आणि बहुधा चालते.

चाचा प्लग नुसता बघत नाहीत, हुंगतातही. रेशनचे निळे रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळायची कला एके काळी ऐन बहरात होती. रॉकेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि वास मागे ठेवते. चाचा प्लग नाकाशी नेऊन म्हणायचे, "ये गाडी चूल्हे का तेल पी रही." गिऱ्हाईक पंपाचे नाव सांगू लागला की हात वर करून थांबवायचे. दुकान रस्त्यावर होते आणि पंपवाल्यांच्या गाड्याही त्यांच्याकडेच यायच्या.

ही विद्या किती मोलाची आहे ते आमच्या घराला २०१६ मध्ये कळले. त्या वर्षी लातूरला पाणी नव्हते. नव्हते म्हणजे नव्हतेच. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने टँकर भरून पाणी आणावे लागले, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. माझे दाजी लातूरला शिकवणीच्या पोरांची खानावळ चालवायचे. सत्तर ताटे दोन वेळची. 'लातूर पॅटर्न' जोरात होता, ताटेही जोरात होती. पण सत्तर ताटे जेवायला लागते तेवढेच पाणी धुवायलाही लागते. आधी पत्रावळ्या आणल्या, मग एक वेळची खानावळ केली, मग पोरेच गावाकडे निघून गेली. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण दाजींना त्या महिन्यात त्यांतला एकही दिसेना. शेवटी त्यांनी ठरवले, की जुनी परवान्याची मोटार घ्यायची आणि भाड्याने चालवायची. अक्काने आपल्या पाटल्या काढून दिल्या. पाटल्या आईच्या होत्या. त्यामुळे हा सौदा चुकला असता तर नुसते पैसे गेले नसते.

गाडी ठरली ती तीन सिलिंडरची, छोटी, रंगवून चकचकीत केलेली. विकणारा एजंट गोड बोलणारा. टायर नवे, सीटकव्हर नवे, आरशाला बाहुली. मी चाचांना विनंती केली. ते म्हणाले, "एसटी का टिकट निकालो." पिशवीत प्लगपाना, फडके आणि डब्यात पोळी-भाजी घेऊन ते माझ्याबरोबर लातूरला आले.

एजंटाने बॉनेट उघडले. चाचांनी काही न बोलता तिन्ही प्लग काढले. तिन्ही पांढरेशुभ्र, नवे कोरे, जसे पुडक्यातून आत्ताच निघाले. एजंट आनंदाने म्हणाला, "बघा चाचा, एकदम क्लीन!" दाजींचा चेहराही खुलला. चाचांनी ते तिन्ही तळहातावर घेतले, एकवार एजंटाकडे बघितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, मरीज जबान धो के आया."

मला लख्ख उमगले. आमच्याकडे एकतीस मार्चला हेच होते. त्या दिवशी सगळ्या शाखांच्या ठेवी अचानक फुगतात, एक एप्रिलला ओसरतात. चित्र त्या दिवसाचे खोटे नसते, पण ते त्या दिवसाचेच असते. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तीनही प्लग एकाच सकाळी जन्माला येत नाहीत. चाचांनी प्लग पुन्हा बसवले आणि एजंटाला म्हणाले, "चलो, औसा जा के आते. भूक लगी." औसा लातूरपासून वीसेक किलोमीटर. येताना चाचा चालकाशेजारी बसले आणि त्याला सारखे "दबाव, और दबाव" म्हणत राहिले. लातूरजवळ एका कडुनिंबाखाली "बंद करो" म्हणाले, आणि गाडी घरंगळत सावलीत उभी राहिली. त्या शर्यतवाल्यांची युक्ती चाचांना कोणी सांगितली होती कोण जाणे. त्यांनी हातावर फडके गुंडाळून प्लग काढले. पहिला किंचित पिवळसर. दुसरा तसाच. तिसऱ्याच्या आट्यांवर आणि टोकावर ओले, काळे तेल चमकत होते.

चाचांनी तो तिसरा प्लग दाजींच्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत. एजंटच बोलत होता: हे पेट्रोल असेल, नवीन प्लग आहे ना, सेट व्हायला वेळ लागतो, पाच हजार कमी करू. दाजी प्लगकडे बघत राहिले. मग खिशातले रुमाल काढून बोट पुसले आणि म्हणाले, "अक्काला फोन लाव. पाटल्या आज मोडू नको म्हणाव."

दीड महिन्याने दुसरी गाडी मिळाली. उदगीरच्या एका निवृत्त माणसाची. रंग उडालेला, दाराला पोचा, प्लग जुने आणि काड्या झिजलेल्या; पण तिन्ही सारखे, तिन्ही बिस्किटी. ती गाडी दाजींनी पाच वर्षे चालवली. खानावळही पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू झाली. चाचांनी माझ्याकडून घेतले काय, तर एसटीचे तिकीट आणि तो तिसरा प्लग. एजंटाकडून मागून घेतला. नव्या पोरांना दाखवायला लागतो म्हणाले. त्यांच्याकडे श्रीखंडाचा एक मोठा रिकामा डबा आहे, त्यात असे निवडक प्लग ठेवलेले असतात. वैद्यकीय कॉलेजात काचेच्या बरण्या असतात त्यातला प्रकार.

आता त्या डब्याचे काय करायचे हा प्रश्न आहे. एक तर रंगच बदलले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे नसलेले पेट्रोल आले. ते आले ते फार चांगले झाले, पोरांच्या रक्तातले शिसे कमी झाले; पण जुन्या पुस्तकांतले प्लगचे रंग शिशाच्या जमान्यातले, ते फिके पडले. मग कार्बोरेटर गेला. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि स्कूटरीतसुद्धा संगणक बसला. तो सायलेन्सरमधला प्राणवायू मोजतो आणि पेट्रोल कमी-जास्त करून घेतो. म्हणजे रोगी स्वतःच नाडी बघून स्वतःच औषध घेतो. नवे इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर जातात आणि डोक्यावर कॉइल घालून असे आत दडलेले असतात की चाचांना ते काढायला आधी अर्धी गाडी उतरवावी लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. म्हणजे मांजरेच्या काठचा ऊस गुळाला जातो, साखरेला जातो आणि उरलेला मोटारीला जातो. इथेनॉल स्वच्छ जळते, काजळी फारशी धरत नाही. चाचा म्हणतात, "गन्ने का रस पी के गाडी मीठा बोलती, सच नै बोलती." तरी तेल चढले तर ते अजून दिसते. रिंगांना इथेनॉल कळत नाही.

जुन्या चेतक स्कूटरी वीस वर्षांपूर्वी बनायच्या बंद झाल्या आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची विजेवरची आली. आमच्या शाखेतल्या एका मुलीने घेतली आहे. मी चाचांना सांगितले, की हिला इंजिन नाही, पण प्लग आहे. चाचा उठून बघायला आले. प्लग भिंतीत घालायचा होता.

चाचांचा मुलगा आता दुकान बघतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे. स्टेअरिंगखाली वायर खुपसली की पडद्यावर आकडे येतात. त्यासाठीचे कर्ज आमच्याच शाखेतून, माझ्याच टेबलावरून गेले, आणि हप्ते वेळेवर येतात. गेल्या वर्षी मी त्याला विचारले, चाचांचा डबा फेकून देणार का? तो म्हणाला, "स्कॅनर बोलता, तीन नंबर सिलिंडर में मिसफायर. क्यूँ मिसफायर, वो नै बोलता. उसके लिए अब्बा को उठाना पडता."

पण मधली दोन वर्षे अब्बाही जरा संशयास्पद झाले होते. ज्याचा प्लग बघावा त्याला "बढिया है, बिस्किट है" म्हणायचे. गल्लीतली सगळी इंजिने एकाएकी निरोगी झाली. आम्हाला वाटले पेट्रोल सुधारले. अखेर मुलाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले तेव्हा कळले, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. मोतीबिंदूत डोळ्यांतले भिंग पिवळट-तपकिरी होते, आणि पांढरेसुद्धा त्यातून तसेच दिसते. म्हणजे चाचांना दोन वर्षे सगळे जगच बिस्किटी दिसत होते.

दिवाळीनंतर दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली. काळा चष्मा उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, आणि त्या दोन वर्षांत "बढिया है" म्हणून सोडलेल्या गाड्यांची नावे मुलाला लिहून घ्यायला लावली. सगळ्यांना फुकट बघून देणार आहेत. रोज चार गाड्या बोलावतात. माझ्या मोटारसायकलचा नंबर गुरुवारी आहे.